आसाकुसाच्या गणपतीला मुळा

टोकियो

प्रिय मन्या,

फोटो पाठवून मोकळा झालो असतो, पण आज जे पाहायला गेलो ते दिसतच नाही. म्हणून हे पत्र.

सकाळी आसाकुसाला सेन्सो-जी देवळात गेलो. इ.स. 628 मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती आली अशी इथली कथा. ती मूर्ती गाभाऱ्यात बंद असते, कुणालाच दाखवत नाहीत. तरी गर्दी म्हणशील तर आषाढीची आठवण यावी! मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात देऊळ जळालं. आताचं 1958 चं, चक्क काँक्रीटचं. लाल कंदिलाचा दरवाजा तर 1865 च्या आगीनंतर 95 वर्षं नव्हताच. पॅनासॉनिकवाल्या मात्सुशितांनी दुखण्यातून उठल्यावर 1960 मध्ये नवस फेडल्यासारखा तो बांधून दिला. पुढची दुकानांची गल्ली फारशी भावली नाही. पंखे, चाव्यांच्या साखळ्या आणि सेल्फी.

खरी मजा पुढे. दहा मिनिटं चालल्यावर नदीकाठी मात्सुचियामा नावाची बुटकी टेकडी लागते. वर शोदेन, म्हणजे आपला गणपती! बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे इथवर आलेला. जपानात त्याची बहुतेक जोडमूर्ती असते, गजमुखी दोघं एकमेकांना मिठी मारलेले. तीही झाकलेलीच. आणि नैवेद्याला काय, सांग? मोदक नाही, दूर्वा नाहीत, पांढरा लांबलचक मुळा! देवळातच विकत मिळतो. भिंतीवर, पायऱ्यांशी, जिथे बघावं तिथे दोन चिन्हं कोरलेली: एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशांची थैली. मुळा घरातल्या सलोख्यासाठी, थैली धंद्याच्या बरकतीसाठी. वाहिलेले मुळे भक्तांना प्रसाद म्हणून परत देतात. 7 जानेवारीला तर मुळ्याचा उत्सवच असतो.

मी एक मुळा वाहिला. शेजारच्या आजीबाई वाकून पुटपुटत होत्या, तशीच माझी आजी पुटपुटायची. टेकडी इतकीशी, तरी म्हाताऱ्यांना वर न्यायला छोटी रेल्वेसारखी गाडी ठेवलीय. जेजुरीला असं काही हवं, नाही का?

दर्शनाशिवाय देऊळ अपुरं असं तू नेहमी म्हणतोस. मला मात्र आज काही अपुरं वाटलं नाही. यावर तू वाद घालणारच, तर फोनवर घाल, रविवारी मोकळा आहे. काकूंना साष्टांग नमस्कार सांग, आणि मुळ्याचा नैवेद्य ऐकून त्या काय म्हणाल्या तेही कळव.

तुझा,
अव्या