पार्किंगमधली पेठ

कॅन्सस सिटी, मिझुरी
८ मार्च २०२६

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोन रोज होतो, पण फोनवर आई जेवलीस का एवढंच विचारते आणि बाबा दोन मिनिटांत फोन दादाकडं देतात. म्हणून सविस्तर लिहायला बसले. आज पहाटे इथली घड्याळं एक तास पुढं केली. आता आपल्यात साडेअकराऐवजी साडेदहा तासांचं अंतर, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत मी एक तास तुमच्या जवळ आले. तब्येत, डबा, थंडी सगळं नेहमीसारखं आहे, काळजी नको.

आईनं सांगितलं की मामा विचारत होते, अमेरिकेत फुटबॉल बघतंय कोण, आणि त्याच्या तिकिटांवर पोरीचं पोट कसं भरणार. बाबा गप्प बसले हेही तिनं सांगितलं. म्हणून हे नीट लिहिते.

बघणारे इथं पूर्वीपासून आहेत. १९९४ साली इथं वर्ल्ड कप झाला तेव्हा ५२ सामन्यांना ३५ लाखांहून जास्त माणूस आलं. तो आकडा अजून कुठल्याच वर्ल्ड कपनं ओलांडलेला नाही. पण तो महिना संपला आणि गर्दी घरी गेली. दोन वर्षांनी, १९९६ ला, १० संघांची एमएलएस, म्हणजे इथली व्यावसायिक फुटबॉल लीग, सुरू झाली. इथला संघ ॲरोहेडला खेळायचा. ते अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम, जवळजवळ ऐंशी हजार खुर्च्यांचं. त्यात पंधरा हजार लोक बसले तरी टीव्हीवर मैदान रिकामंच दिसतं आणि आवाज वर विरून जातो. शिवाय अमेरिकन माणसाला बरोबरी रुचत नाही असं ठरवून लीगनं खेळच बदलला. बरोबरी झाली की ३५ यार्डांवरून खेळाडूनं बॉल घेऊन पळायचं आणि पाच सेकंदांत गोल मारायचा. घड्याळही उलटं, शून्याकडं जाणारं. ज्यांना फुटबॉल कळत होता ते चिडले, आणि ज्यांना कळत नव्हता ते तरीही आले नाहीत. २००० पासून हे सगळं बंद केलं, तरी २००१ चा हंगाम संपल्यावर फ्लोरिडातले दोन संघ गुंडाळावे लागले.

सावरलं ते लहान स्टेडियममुळं. १९९९ ला कोलंबसला फक्त सॉकरसाठी (आपल्या फुटबॉलला इथं सॉकर म्हणतात) पहिलं बांधलं. इथलं २०११ चं, साधारण अठरा हजारांचं. प्रेक्षक मैदानाच्या कडेच्या रेघेजवळ बसतो, वर छत असल्यानं आवाज मैदानात परत येतो, आणि तिकीट कमी पडतं. तिकीट कमी पडणं फार महत्त्वाचं आहे. जागा कधीही मिळते म्हटल्यावर हंगामाचा पास कोण घेईल?

मामा म्हणतील मेस्सी आला म्हणून चाललंय. मेस्सीनं गर्दी खेचली यात वाद नाही. १३ एप्रिल २०२४ ला तो येणार म्हणून इथला सामना लहान स्टेडियममधून मुद्दाम ॲरोहेडला नेला, तर ७२,६१० लोक आले. २००७ ला बेकहॅमच्या वेळीही असंच झालं होतं. पण स्टार खेळाडू एका संध्याकाळची तिकिटं विकतो. त्यातली किती माणसं पुढच्या महिन्यात पावसात, साध्या संघाविरुद्ध, पुन्हा येतात, हे बघायचं असतं. आपल्याकडं कोल्हापुरात हा प्रश्नच नाही. आधी पेठ असते, पेठेत तालीम असते, मग तालमीचा संघ. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमला कोण कुठं बसणार हे जन्मानं ठरलेलं असतं. इथं उलटं आहे. कोट्यवधी डॉलर भरून आधी संघ विकत घेतात (२०२५ ला सॅन डिएगो आला आणि संघ ३० झाले), आणि पेठ नंतर हातानं उभी करावी लागते. माझं काम ते आहे. तिकीट विकणं हा त्यातला शेवटचा भाग.

ही पेठ कुठं उभी राहते ते सांगते, कारण व्हिडिओ बघून तुम्ही विचारलं होतं की एवढी माणसं गाड्यांच्या मधी स्वयंपाक का करतायत. याला टेलगेटिंग म्हणतात. टेलगेट म्हणजे पिकअप गाडीची मागची फळी. ती खाली पाडली की ओटा तयार. सामन्याच्या तीनेक तास आधी पार्किंग उघडतं. माणसं येतात आणि गाडीच्या मागं दहा बाय दहा फुटांचा मांडव ठोकतात. त्याच्या चारी पायांना वाळूच्या पिशव्या बांधायच्या, नाहीतर इथला वारा मांडव शेजारच्या गाडीवर नेऊन टाकतो. मग घडीचं टेबल, खुर्च्या, बर्फाची पेटी आणि शेगडी. कोळसे पेटवायला पत्र्याचं उभं नळकांडं असतं, खाली कागद आणि वर कोळसे. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर पांढरी राख धरली की ते शेगडीत ओतायचे. घाई करून वरून पेटवायचं तेल मारलं तर मांसाला रॉकेलसारखा वास लागतो. इथलं सॉस गोडसर असतं, टोमॅटो आणि काकवीचं. ते अगदी शेवटी लावायचं, आधी लावलं की जळून काळं होतं.

शेगडी तापेपर्यंत कॉर्नहोल चालतं. दोन फूट रुंद आणि चार फूट लांब उतरती फळी, वरच्या बाजूला सहा इंचांचं भोक. अशा दोन फळ्या सत्तावीस फुटांवर समोरासमोर. प्रत्येकाला चार पिशव्या, पूर्वी त्यात मक्याचे दाणे भरायचे म्हणून हे नाव. भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक, एकवीसला डाव संपतो. पन्नाशीतली माणसंही अगदी मन लावून खेळतात. कुणी अनोळखी जवळून गेला तर हाक मारून ताट देतात. आई, तुला पटणार नाही, पण इथं शेजारी चार वर्षं एकमेकांच्या घरात जात नाहीत आणि पार्किंगमध्ये परक्या माणसाला जेवायला वाढतात.

आणि हो, मला माहिती आहे तू पुढं काय विचारणार. बीफ असतं, मी खात नाही. चिकन-मटण घरी खात होते, तेवढंच इथं. बिअर असते, मी कामावर असते. मी शेगडीवर कणसं भाजून लिंबू-तिखट लावते, आता लोक माझ्याकडं कणीस मागायला येतात.

हे एवढं लांबवलं कारण धंद्याची सगळी गोम यातच आहे. बेसबॉल किंवा इथल्या अमेरिकन फुटबॉलचा खेळ सारखा थांबतो, त्यामुळं माणूस अर्धा तास उशिरा आला किंवा मधेच उठून खायला गेला तरी फार काही चुकत नाही. सॉकरमध्ये ४५ मिनिटं घड्याळ थांबत नाही. पार्किंगमध्ये रमलेली माणसं सामना सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी आत आली तर पहिला गोल हुकतो, आणि टीव्हीवर खुर्च्या रिकाम्या दिसतात त्या वेगळ्याच. म्हणून मिरवणूक काढतात. साधारण तासभर आधी ड्रमवाले पार्किंगच्या लांबच्या टोकाला उभे राहतात आणि वाजवत निघतात, वाटेत एकेका मांडवातली माणसं मागं लागतात. सिएटलला हे २००९ पासून गावातून चालत होतं. आपल्या तालमींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. इथं मात्र रस्ता किती रुंद हवा, कोळसे विझवून टाकायचे पत्र्याचे डबे कुठं ठेवायचे, ड्रम कुठल्या गेटनं आत न्यायचे, हे कागदावर काढावं लागतं. गेटवर ड्रम तपासायला वेगळी माणसं ठेवली नाहीत तर सगळी मिरवणूक तिथंच तुंबते.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि सगळं स्टेडियम एकाच वेळी उठतं. तेव्हा मेन्यू जितका छोटा तितकी रांग पळते. दहा पदार्थांच्या खिडकीवरचा शेवटचा माणूस दुसऱ्या हाफमधली दहा मिनिटं हुकवतो, आणि पुढच्या वेळी तिकीट घेताना त्याला गोल आठवत नाही, रांग आठवते.

गोलच्या मागं उभं राहून ओरडणाऱ्यांची जागा असते. ते टिफो करतात, म्हणजे भलंमोठं रंगवलेलं कापड सामन्याआधी वर चढवायचं. बाबांना हे आवडलं असतं. आपल्याकडं पेंटर चौकटी आखून सिनेमाचं पोस्टर रंगवायचे, अगदी तसंच. पातळ कापडाचे पट्टे शिवून जोडायचे, चौकटी आखायच्या, रंगात पाणी घालून रोलरनं मारायचा. रंग जाड झाला तर कापड जड होतं, दोर ओढवत नाही आणि घडीवर पोपडे निघतात. पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळलं तर चेहरा चेहऱ्याला चिकटतो. क्लबनं यात हात घालायचा नाही, फक्त गोदामाची किल्ली आणि शिडी द्यायची. क्लबनं पैसे देऊन करून घेतलेला टिफो लोक लगेच ओळखतात.

मुलांचं काम मात्र अर्धवट आहे. गावोगाव शनिवारी मैदानं भरलेली असतात. आठ वर्षांपर्यंत चार-चार जण, गोलकीपर नाही, तीन नंबरचा बॉल. नऊ-दहाला सात-सात, अकरा-बाराला नऊ-नऊ. दहा वर्षांपर्यंत हेडिंग बंद, डोक्याला मार नको म्हणून. सात-सातमध्ये एक जादा रेघ असते. गोलकीपरच्या हातात बॉल आला की समोरच्यांनी त्या रेघेमागं जायचं, म्हणजे त्याला जवळ पास देऊन खेळ बांधायला शिकता येतं. आणि बाहेरून पालक ओरडतात, मार लांब! नियम चांगले आहेत, पण पुढं क्लबची फी वर्षाला हजारो डॉलर होते. मेक्सिको, होंडुरासहून आलेल्या कामगारांची मुलं, जी सगळ्यात सुंदर खेळतात, ती तिथंच गळतात. याचा मला मनापासून राग येतो. ज्या घरात रविवारी सगळं कुटुंब टीव्हीसमोर बसून सामना बघतं, त्याच घरातला पोरगा मैदानाबाहेर राहतो.

आई, तुझ्यासाठी एक. इथं मिझुरी नदीच्या काठावर मार्च २०२४ ला ११,५०० खुर्च्यांचं स्टेडियम सुरू झालं, खास बायकांच्या संघासाठी बांधलेलं. त्याच्या मुळाशी १९७२ चा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना खेळातही मुलींना डावलता येत नाही. तिथं लहान मुली बापाच्या खांद्यावर बसून येतात. मी दरवेळी त्या रांगेकडं बघत उभी राहते.

आता जूनचं. वर्ल्ड कपचे सहा सामने ॲरोहेडला आहेत. १६ जूनला पहिला, अर्जेंटिना आणि अल्जेरिया, तेव्हा तुमच्याकडं १७ ची सकाळ असेल, पेठेत कुणी झोपणार नाही. मग २०, २५, २७ जून, ३ जुलै आणि ११ जुलै. यंदा प्रत्येक हाफमध्ये पाणी प्यायला तीन मिनिटं खेळ थांबणार आहे. टीव्हीवाल्यांना जाहिरात मिळेल, आम्हाला रांगेची नवी गणितं करावी लागतील. गर्दीची भीती बाळगू नकोस. बॅग पारदर्शक लागते, बारा बाय सहा बाय बारा इंचांची, सगळं तपासूनच आत सोडतात.

व्हिसाची बातमी वाचून बाबा घाबरले होते. कंपनीनं व्हिसासाठी एक लाख डॉलर भरायचा तो नियम देशाबाहेर असलेल्या माणसांसाठीच्या नव्या अर्जांना आहे, माझा जुना आहे. फक्त भारतात आले तर शिक्का मारायची तारीख मिळायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि या वर्षी अडकून चालणार नाही.

म्हणून दादाच्या लग्नाचं. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक मास, त्यामुळं गुरुजींनी जूनचा शेवटचा आठवडा सांगितला, हे मला कळतं. ११ जुलैनंतर आणि चातुर्मास लागायच्या आधी एखादा मुहूर्त निघतो का, एकदा विचारून बघा. नाही निघाला तर माझ्यासाठी पुढं ढकलू नका. मुलीकडचे आधीच एकदा थांबलेत. वहिनीशी मी परवा बोलले, ती समजून घेते म्हणाली. दादा काही बोलला नाही.

हॉलच्या ॲडव्हान्सचे १,५०० डॉलर शुक्रवारी पाठवलेत, बुधवारपर्यंत खात्यात येतील. बाबा, पेन्शनच्या ठेवीला हात लावू नका, बँडचे पैसेही मी देते. साताऱ्याच्या स्थळाचा फोटो मिळाला. मी नाही म्हटलेलं नाही, ऑगस्टनंतर बोलेन, तसंच कळवा.

पाडव्याला १९ तारखेला तुमच्या सकाळी फोन करते, गुढी दाखवा.

आणि जूनमध्येच ठरलं तर करवली म्हणून चिमीला उभी करा. माझी मोरपंखी पैठणी कपाटात वरच्या कप्प्यात, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलीय. ब्लाउज तिला दोन इंच आत घ्यावा लागेल. पदराकडचा फॉल उसवलाय, तो आधी लावून घे.

तुमची,
माई