मेल्यावर ओळख झालेल्या दादांना

प्रिय दादा,

आपली ओळख झाली तेव्हा आपण दोघंही मेलेलो होतो. ढाल-भाल्यांच्या लुटुपुटीच्या लढाईच्या नियमाप्रमाणे. तुम्हाला आमच्या भाल्याची टोच बसली होती, मला तुमच्यातल्या कुणाच्या तरी वेताचा सणसणीत फटका शिरस्त्राणावर. दोघंही "मेलो!" म्हणून ओरडलो, आडवे झालो आणि कुणी तुडवू नये म्हणून ढाली अंगावर ओढून घेतल्या. ढालीच्या कडेखालून दिसत होते ते फक्त बूट आणि चिखल. मी धुमसत होतो. तेवढ्यात शेजारच्या ढालीखालून आवाज आला, "रांग सोडून धावत आलेला तूच ना? आता पडलाच आहेस तर पाय बघ."

मेलेल्यांनी बोलायचं नसतं, पण तुम्ही बोललात. विरुद्ध बाजूचे कप्तान असून बोललात. त्याबद्दल हे पत्र.

पाय बघितले तर आमची अख्खी भिंत, म्हणजे ढालीला ढाल लावून उभी असलेली रांग, खेकड्यासारखी उजवीकडे सरकत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळतही नव्हतं. ढाल डाव्या हातात, त्यामुळे उजवी बाजू उघडी. मग जो तो उजवीकडच्या गड्याच्या ढालीआड शिरायला बघतो. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने इ.स.पू. 418 च्या ग्रीसमधल्या मॅन्टिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना नेमकं हेच नोंदवलंय, हे मी नंतर वाचलं. मला ते चिखलात गाल टेकून समजलं, आणि तसं समजलेलं जास्त टिकतं.

माझा गुन्हाही तुम्ही तिथेच उलगडून दाखवलात. तुमचा एक गडी पाठ फिरवून पळाला आणि मी त्याच्यामागे सुटलो. मला वाटलं पराक्रम. पण माझी ढाल माझी एकट्याची नव्हतीच; डावीकडच्या गड्याची उघडी बाजू तिच्या भरवशावर होती. एका माणसाएवढी फट पडली, तिच्यातून तुमचे दोन भाले घुसले, तो पडला, त्याच्या पलीकडचा पडला, आणि पुढचं मी आडवा पडून ऐकलं. "1066 साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईत सॅक्सन लोक असेच टेकडी उतरून धावले होते," तुम्ही म्हणालात. एवढ्या मोठ्या पराभवाशी माझी तुलना त्याआधी कुणी केली नव्हती.

सामना संपल्यावर तुम्ही आमच्या कप्तानाला गाठलंत आणि सांगितलंत, "याला भिंतीतून काढा." खरं सांगतो, तेव्हा तुमचा भयंकर राग आला. आमच्याकडे भिंतीबाहेर लढणाऱ्यांना 'मोकळे' म्हणतात, आणि मोकळा म्हणजे ज्याला रांगेत उभं राहता येत नाही तो, असा सगळ्यांचा समज. माझाही. तुम्ही मला मैदानाच्या डाव्या टोकाला नेलंत, आमच्या शेवटच्या ढालीपासून दोन भाल्यांचं अंतर पावलांनी मोजलंत आणि टाचेने रेघ मारलीत. "इथून आत आलास तर आपल्याच माणसांच्या पायात येशील. फार पुढे गेलास तर एकटा सापडशील."

डावंच टोक का, तेही समजावलंत. त्यांचीही भिंत त्यांच्या उजवीकडे सरकणार, म्हणजे आमच्या डाव्या टोकाला वळसा घालायला येणार. आणि त्यांच्या उजव्या टोकाच्या गड्याच्या उजवीकडे ढाल धरायला कुणीच नसतं. मी तिरका उभा राहिलो की त्याला ठरवावं लागतं, ढाल समोर धरायची की माझ्याकडे. "त्याला मारायला जाऊ नकोस. त्याची मान वळव, बास. मारणारे भिंतीत आहेत."

हे पचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. फटका मारायला हात शिवशिवतो हो! शिवाय मी वाद घातलाच: इ.स.पू. 390 मध्ये अथेन्सचा सेनापती इफिक्रातीस याच्या हलक्या सैनिकांनी स्पार्टाच्या ढालवाल्यांची दाणादाण उडवली, मग आम्ही का नाही? तुम्ही शांतपणे विचारलंत, "त्यांच्याकडे फेकायचे भाले होते. तुझ्याकडे काय आहे?" माझ्याकडे वेताची काठी होती.

मागे हटण्याचा धडा मात्र मी स्वतः चुकून शिकलो. घाबरून आपल्याच भिंतीच्या मधोमध शिरलो, मला वाट द्यायला दोन ढाली बाजूला झाल्या, आणि माझ्या पाठोपाठ त्यांचा एक आडदांड गडी आत. तुम्ही बाजूला उभे राहून हसत होतात. रोमन सैन्यातले हलके सैनिक पथकांमधल्या मोकळ्या जागांतून मागे यायचे, पण त्यांच्या मागे दुसरी फळी, तिसरी फळी असायची. आमची एकच. म्हणून टोकाला वळसा घालूनच परतायचं, दम लागला तरी.

परवाच्या सामन्यात त्यांच्या टोकाच्या गड्याने तीनदा माझ्याकडे मान वळवली. तिसऱ्या वेळी त्याची ढाल वीतभर फिरली आणि आमच्या दुसऱ्या रांगेतला भाला तिरका आत गेला. मग त्याच्या शेजारचा पडला, आणि त्यांचं टोक आतल्या बाजूला दुमडत गेलं. मी संपूर्ण सामन्यात एकही फटका मारला नाही. शिरस्त्राण काढल्यावर कुणी माझं नावही घेतलं नाही, फक्त आमचा कप्तान जाताजाता पाठीवर थाप मारून गेला.

तुमचा गुडघ्याचा पॅड अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या वेळी आपण पुन्हा समोरासमोर आहोत तेव्हा आणतो. तुमच्या उजव्या टोकाला कुणाला उभं करणार आहात, ते मात्र बघून ठरवा.

तुमचा,
डावीकडचा मोकळा