सोयाबीन मूळकूज : आधी मुळं बघा, मग औषध

मुंबईत राहून गावाकडची सोयाबीन बघणाऱ्या सभासदांसाठी.

'पिवळं पडलंय' एवढ्यावर औषध सांगू नका. झाड उपटून, मुळं धुऊन व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, मुळं निरोगी असतील, तर बहुधा लोहाची कमतरता. बुरशीनाशकाचा खर्च वाया. मुळाची साल सुटते, खोड चिरल्यावर कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात, तर मूळकूज. ही उष्णता आणि पाण्याच्या ताणात बळावते, म्हणून संरक्षित पाणी (पाऊस ताणला की पीक वाचवण्यापुरतं पाणी) द्या. बुंध्याशी पांढरी बुरशी, मोहरीएवढे दाणे असतील तर मानकूज. तिथे उलट चर काढून पाणी बाहेर काढा. वाळलेलं झाड परत उभं राहत नाही, दुकानदार काहीही म्हणो. ते मुळासकट उपटून जाळा.

पुढच्या पेरणीला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) किलोभर बियाण्याला ८ ते १० ग्रॅम चोळा. बियाण्याला रासायनिक औषध लावायचं असेल तर ते नेहमी आधी, ट्रायकोडर्मासारखं जैविक नंतर.