कोरकू शब्दकार्डांसाठी आजींचे आभार

आजी, सादर नमस्कार.

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या लहान मुलांसाठी केलेली, कोरकू या आदिवासी भाषेतली शब्दकार्डं तयार झाली. कार्डांवर नाव नको म्हणालात, म्हणून नाव न घेता हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

पहिले आभार ‘अबुङ’ आणि ‘आले’साठी. ‘हम’ला कोरकूत काय म्हणतात, असं आम्ही हिंदीत विचारायचो आणि दर वेळी वेगळं उत्तर यायचं. मराठीत विचारा, असं तुम्ही सांगितलंत आणि गाठ सुटली. आपण म्हणजे अबुङ, आम्ही म्हणजे आले. समोरचा धरला की अबुङ, वगळला की आले. हिंदीतला ‘हम’ दोन्हीकडे चालतो, तेव्हा चूक आमच्या प्रश्नातच होती. शिवाय दोघांपुरती निराळी रूपं आहेतच: ‘आलाङ’ म्हणजे तू आणि मी, ‘आलिङ’ म्हणजे मी आणि दुसरं कुणी, तू नव्हे. इतकी बारीक सोय मराठीतही नाही! (ङ हा ‘वाङ्मय’मधला, तिथे ‘ग’ उच्चारला की शब्द बिघडतो.)

दुसरी चूक चित्रांत होती. आम्ही ‘एक’ आणि ‘अनेक’ अशा जोड्या काढल्या होत्या. कोरो म्हणजे माणूस, कोरोकिङ म्हणजे दोन माणसं, कोरोकू म्हणजे त्याहून जास्त. म्हणून आता प्रत्येक शब्दाला तीन चित्रं आहेत. ‘किङ’च्या चित्रात नेमकी दोनच माणसं हवीत, शोभेसाठी मागे तिसरं काढलं की मूल ‘कू’ म्हणणार, आणि ते बरोबरच असेल. दगड, भांडी अशा निर्जीव वस्तूंना हे प्रत्यय लागत नाहीत, म्हणून त्यांची एक-दोन-अनेकची कार्डं काढून टाकली.

रेकॉर्डिंगला तुम्ही दिलेला वेळ तर मोजता येणार नाही. शब्दाच्या शेवटचं व्यंजन कोरकूत बऱ्याचदा अडतं, पूर्ण सुटत नाही. फोनमधली आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय नेमका तोच शेवट खाते. ती बंद केली, फोन वीतभर अंतरावर ठेवला, शब्द तीनदा सुटा आणि एकदा वाक्यात घेतला, आणि प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून मगच बटण दाबलं. सुरुवातीला गावाचं नाव बोलून ठेवायचं, हा तुमचाच आग्रह. तो योग्य होता: बुऱ्हाणपूर, खंडवा, बैतूलकडची कोरकू आणि मेळघाटातली कोरकू एकाच कार्डावर मिसळली की मूल घरी जाऊन आजीलाच चुकीचं ठरवतं. २०११ च्या जनगणनेत देशात कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार होते, पण ते दोन राज्यांत वाटलेले: सीमेपलीकडे मध्य प्रदेशात शाळा हिंदीची, अलीकडे महाराष्ट्रात मराठीची.

‘खांब’ लिहिलेलं कार्ड तुम्ही परत केलंत. तो नुसता खांब नव्हे, सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला सागाचा मुंडा, म्हणजे स्मृतिस्तंभ. गेलेल्या माणसासाठी सिडोलीच्या विधीत उभा करतात. ते कार्ड आम्ही काढून टाकलं, पुन्हा केलं नाही. ज्या घरचा मुंडा, त्यांना विचारल्याशिवाय फोटोही घ्यायचा नाही, हेही लिहून ठेवलं आहे.

मिया ते गेल, म्हणजे एक ते दहा, या आकड्यांचा संच सगळ्यात आधी तुमच्या अंगणात आणून देऊ. उच्चार पुन्हा एकदा तपासून द्याल ना?

तुमचे,
शब्दकार्डांचं काम करणारे आम्ही सगळे