तो ढग खराच आहे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोटो पाहून तुम्ही विचारलंत, "हा ढग खरा, की कॉम्प्युटरवर केलेला?" तेवढ्यात फोन तुटला. उत्तर द्यायचं राहिलं ते मनात घोळत होतं, म्हणून लिहायला बसले.

ढग खरा आहे. इथे अमेरिकेत, माझ्या टॅकोमातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माउंट रेनियर हा पर्वत दिसतो. उंची ४,३९२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त, आणि आसपास त्याच्या तोलाचं दुसरं शिखर नाही. पॅसिफिकवरून आलेला ओलसर वारा त्याच्यावर चढतो, वर गार होतो आणि वाफेचे थेंब होतात. पलीकडे उतरताना हवा पुन्हा तापते, थेंब विरतात. त्यामुळे ढग तासन् तास शिखराशीच थांबलेला दिसतो. वारा मात्र त्याच्यातून सुसाट जात असतो.

गणपती घाटावर तुम्ही मला पाण्याखालचा दगड दाखवायचात, आठवतं? कृष्णेचं पाणी धोमकडून येऊन पुढे निघून जायचं, पण दगडावरचा पाण्याचा फुगवटा जागचा हलायचा नाही. पुढेही दोन-तीन लाटा तशाच उभ्या असायच्या. हा ढग म्हणजे हवेतला तोच फुगवटा. ओल्या नि कोरड्या हवेचे थर एकावर एक असले की ढगही रचून ठेवलेल्या ताटल्यांसारखे दिसतात. फोटोत तीन आहेत, चष्मा लावून मोजा.

आई, याचं शास्त्रीय नाव लेंटिक्युलॅरिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मसुराच्या दाण्यासारखा! डब्यातला एक अख्खा मसूर आडवा धरून बघ, हुबेहूब तोच आकार.

'उडत्या तबकड्या' हा शब्दही याच पर्वतामुळे जगभर गेला. २४ जून १९४७ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू उडताना दिसल्या, आणि वर्तमानपत्रांनी ते नाव रूढ केलं.

माझ्या मनाला मात्र पर्वताची दुसरी बाजू जास्त लागते. दक्षिण उतारावरच्या पॅराडाइज या ठिकाणी १९७१-७२च्या एका हंगामात २८ मीटरहून जास्त बर्फ पडलं. आणि डोंगररांग ओलांडून पूर्वेला याकिमाला गेलं, तर वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. तिथल्या सफरचंदाच्या बागा डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर जगतात. पहिल्यांदा तो उघडाबोडका माळ पाहिला आणि मला दहिवडीची आत्या आठवली. महाबळेश्वरला धो धो कोसळत असताना ती टँकरची वाट बघत बसायची. लहानपणी मला वाटायचं, देव आत्याच्या माण तालुक्यावर रागावलाय. आता कळतं, सह्याद्री वाऱ्यातलं पाणी आधीच उतरवून घेतो. कळलं तरी आत्याचे ते हंडे डोळ्यांसमोरून जात नाहीत.

बाबा, एक काम करा. आषाढात पाचगणीला जाल तेव्हा पसरणी घाटात ढगाची कड नेमकी कुठल्या वळणावर संपते ते बघून ठेवा आणि मला कळवा. आईला सोबत न्या, पण तिला गाडीतून उतरवू नका, गुडघे दुखतील.

इथले लोक म्हणतात, पर्वताने टोपी घातली की पाऊस जवळ आला. समुद्रावरून पाऊस येण्याआधी वरची हवा ओली होते, त्यामुळे बरेचदा ते खरंही ठरतं. आज सकाळपासून टोपी आहे. वाळत घातलेले कपडे आत घेऊन येते.

तुमची,
छोटी