पहिल्या पुस्तकाला हवा संपादक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवलेखकांना अनुदान आणि व्यासपीठ मिळालं पाहिजे, असा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. अनुदान मिळावंच. पण माझा पहिला कथासंग्रह गेल्या वर्षी निघाला, त्या अनुभवावरून सांगते, की आम्हाला पैशापेक्षा जास्त गरज आहे ती हातात पेन्सिल घेऊन आमची कथा वाचणाऱ्या माणसाची. आणि तेच माणूस आज मिळत नाही.

मी कोरेगावला एका अडत दुकानात हिशेब लिहिते. घेवड्याच्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या करता करता रात्रीचे नऊ वाजतात. त्यानंतर घरी जाऊन सहा वर्षांत नऊ कथा लिहिल्या. हमाल, तोलाईवाले, उचल मागायला आलेले शेतकरी, त्यांच्याबरोबर दाराशी थांबलेल्या बायका, जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच लिहिलं. दोन कथा दिवाळी अंकांत आल्या, तेव्हा संग्रह काढायचं मनावर घेतलं.

एका प्रकाशकांनी फोनवरच 'सहयोगी तत्त्वावर' काढू म्हणून सांगितलं. म्हणजे खर्च लेखकाचा. १४४ पानं, १६ पानांचा एक असे नऊ फर्मे, ३०० प्रती, ४५,००० रुपये. मी भिशीचे पैसे भरले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीच्या क्रमांकाचे म्हणून दीड हजार वेगळे घेतले. हा क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन राय आयएसबीएन एजन्सी विनामूल्य देते आणि लेखकालाही त्यासाठी अर्ज करता येतो, हे मला फार उशिरा कळलं. नव्यांनी तेवढं तरी लक्षात ठेवावं.

पैशाचं दुःख मी विसरले. मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, हातात आली त्या दिवसाचं मात्र अजून विसरता येत नाही. मी युनिकोडमध्ये टंकलेखन करून दिलं होतं. त्यांनी ते जुन्या फाँटमध्ये फिरवलं आणि 'शेतकऱ्याच्या'चा झाला 'शेतकर्याच्या'. माझ्या कथांत शेतकरी पानोपानी आहे. चार रात्री बसून मी एकेक 'र्या' लाल शाईनं दुरुस्त केला. ते निस्तरलं. पण एका कथेत एक म्हातारी सुनेला म्हणते, "न्हाय गं बाय, मला काय बी नगं." त्याचं कुणीतरी करून टाकलं होतं, "नाही गं बाई, मला काहीही नको." व्याकरण बरोबर, आणि म्हातारी गायब. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, आम्ही शुद्धलेखन तपासून देतो." कथा कुणी वाचली का, असं विचारल्यावर पलीकडून बराच वेळ काही बोलणंच आलं नाही.

पुस्तक निघालं. प्रकाशन समारंभाचा हॉल, शाल-श्रीफळ, चहा-नाश्ता यांत आणखी अकरा हजार गेले. भाषणं झाली ती माझ्या नोकरीबद्दल आणि जिद्दीबद्दल. कथांबद्दल कुणी एक वाक्य बोललं नाही, कारण पुस्तक पाहुण्यांच्या हाती त्याच सकाळी पडलं होतं.

पुढे तीन महिन्यांनी, मी लहानपणापासून ज्या वाचनालयात जाते तिथल्या निवृत्त ग्रंथपालांनी मला बसवून घेतलं. माझी एक कथा आहे. एका हमालाची बायको नवरा गेल्यावर तेराव्या दिवशी दुकानात येते आणि त्याची राहिलेली उचल फेडते. पदराच्या गाठीतल्या नोटा सोडते, सरळ करते, मोजते आणि गल्ल्यावर ठेवते. त्यापुढे मी अर्धं पान लिहिलं होतं, त्या कारकुनाला काय वाटलं, त्याचा गळा कसा दाटून आला वगैरे. काकांनी बोट ठेवून सांगितलं, "बाळ, तिनं नोटा ठेवल्या तिथंच कथा संपली. पुढचं तू आमच्यावर विश्वास नाही म्हणून लिहिलंस." मी घरी येऊन ते अर्धं पान हातानं झाकलं आणि कथा पुन्हा वाचली. त्यांचं खरं होतं. पण ३०० प्रतींत ते अर्धं पान छापून गेलंय आणि आता ते तसंच राहणार. ४५,००० रुपये देऊन जे मिळालं नाही, ते त्यांनी दहा मिनिटांत दिलं. तेच छपाईच्या आधी मिळायला हवं होतं.

मराठीत हे काम करणारी माणसं होती. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेत काय अडतंय ते कळवायचे, लेखक पुन्हा लिहायचा. ते मासिक १९८२ साली बंद झालं. आज दिवाळी अंक ढीगभर निघतात, पण कथा एक तर छापून येते, नाहीतर काहीच कळत नाही. नकाराचं कारणसुद्धा कुणी लिहीत नाही. कारण कळलं तर त्यातून शिकता तरी येईल.

माझा करार एक पानी होता. प्रती किती, मुखपृष्ठ कुणाचं, रक्कम कधी, सगळं त्यात होतं. संपादन हा शब्दच नव्हता, आणि मीही मागितला नाही. नव्या लेखकांनी तो मागावा, कोण वाचणार आणि कधी कळवणार हे लिहून घ्यावं. हक्क किती वर्षांसाठी देतोय तेही लिहावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं.

जानेवारीत साताऱ्यात शाहू स्टेडियमवर ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी दोन दिवस रजा टाकून गेले. दुसऱ्या संग्रहाच्या आठ कथांची फाइल पिशवीत होती. प्रकाशकांच्या पाच-सहा गाळ्यांवर विचारलं, "वाचून मत कळवाल का?" बहुतेकांचा पहिला प्रश्न, "किती प्रती काढायच्यात?" एका वयस्कर गृहस्थांनी मात्र फाइल उघडून उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि म्हणाले, "ठेवा, पण आठ महिने लागतील." मी आनंदानं ठेवून आले.

आपला जिल्हा याबाबतीत गरीब नाही. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. विश्वकोशाचं काम वाईत चालतं. भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. त्या योजनेत माझी एकच विनंती आहे. हस्तलिखित निवडल्यावर छपाईपूर्वी एका अनुभवी लेखकाला किंवा संपादकाला मानधन देऊन नवलेखकाबरोबर दोन-तीन बैठकींसाठी बसवावं. छपाईच्या प्रती शंभरनं कमी झाल्या तरी चालतील.

तालुक्याच्या वाचनालयांनी महिन्यातून एक रविवार ठेवावा. एकानं अप्रकाशित कथा वाचायची, बाकीच्यांनी बोलायचं. महाविद्यालयांच्या मराठी विभागांतले प्राध्यापक आले तर फारच चांगलं. सत्कार, प्रमुख पाहुणे काही नको. आणि आपल्याला विनंती, की रविवारच्या पुरवणीत महिन्याला एका नव्या कथेला जागा द्यावी. जी घेता येणार नाही तिच्यावर दोन ओळी लिहून परत पाठवाव्यात.

कोरेगावात आम्ही सुरुवात करतोय. ग्रंथपालकाकांनी दुसऱ्या रविवारी दुपारी तीन ते पाच वाचनालयाची मागची खोली मोकळी करून द्यायचं कबूल केलंय. पहिली कथा माझी आहे, बायकांच्या भिशीवरची. तिचा शेवट मला अजून सापडलेला नाही. ज्यांच्याकडे वहीत लिहून ठेवलेली कथा असेल, त्यांनी ती घेऊन यावं. पेन्सिली आम्ही ठेवू.

आपली,
एक वाचक,
कोरेगाव, जि. सातारा