साखर उतरली, की ट्यूबमध्येच जिरली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत एका चूर्णाची जाहिरात होती: 'तीन महिन्यांत एचबीएवनसीमध्ये साडेबारा टक्के घट!' (एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली ते मोजून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी.) शेजारच्या काकू कात्रण घेऊनच आल्या, "आणू का गं?" एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, त्यामुळे मोहल्ल्यातले असले खटले माझ्याचकडे येतात.

८ चे ७ झाले की डॉक्टर म्हणतात, एकाने उतरलं. जाहिरातवाले ८ पैकी १ म्हणून साडेबारा टक्के लावतात. हिशेब खोटा नाही, पण एचबीएवनसी मुळात टक्क्यांतच मोजतात, तिथे घोळ होतो. "आठातून साडेबारा जातील कसे?" असं काकूंनी विचारलं. छापण्याआधी हे कोणी विचारलं असतं तर!

बरं, आकडा खरंच उतरला असेल. पण कशाने? एका मे महिन्यात हिंगण्याहून पोरगा स्कूटरच्या डिकीतून फास्टिंगचं, म्हणजे उपाशीपोटीच्या साखरेचं, सॅम्पल घेऊन आला. राखाडी बुचाच्या ट्यूबऐवजी लाल बुचाची, आणि वाटेत चार घरं करत. हात लावला तर ट्यूब कोमट. रक्त बाहेर काढलं तरी पेशी साखर खातच राहतात; साध्या खोलीतही तासाला पाच ते सात टक्के, नागपूरच्या उन्हात त्याहून जास्त. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराइड हे खाणं थांबवतं, तेही लगेच नाही. रिपोर्ट ९६ आला आणि माझ्याच हातून गेला. गृहस्थांनी खुशीत गोळी बंद केली. पंधरा दिवसांनी लॅबमध्येच रक्त घेतलं तेव्हा १६८.

एचबीएवनसीला ही उन्हाची भानगड फारशी नसते, पण त्याचेही नखरे आहेत. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात, आणि ते आपल्या विदर्भात कमी नाहीत, जेमतेम दहा-वीस दिवस. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटाच कमी येतो. उलट लोह कमी असलं की तो फुगू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की उतरतो, आणि नाव चूर्णाचं होतं.

शिवाय ज्यांचा आकडा एकदा चढलेला आला, तेवढेच निवडून पुन्हा तपासले तर काही न देताही बऱ्याच जणांचा थोडा खाली येतो. म्हणून चूर्ण न घेणाऱ्या तशाच लोकांचं रक्तही त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीने तपासावं लागतं. जाहिरातीत त्यांचा पत्ताच नाही.

आपल्याला एकच विनंती. 'इतके टक्के घट' छापताना आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि तुलनेला कोण होतं, हे छापा. देणारा देत नसेल तर जाहिरात परत करा. काकूंना मी तूर्त थांबवलंय, पण कात्रण अजून त्यांच्या फ्रिजवर लावलेलं आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
मानेवाडा, नागपूर